एक हरीण, एक हंस: इटलीचं रेनेसाँस संगीत गायला-ऐकायला सुरुवात कशी करावी

शिकायला पाडोव्हात राहत होते तेव्हा घराजवळच्या चर्चच्या हौशी कॉयरमध्ये मी भीतभीतच गेले. कानावर लहानपणापासून अभंग, नाट्यगीतं आणि आजोबांची पेटी. स्टाफ नोटेशन वाचता येत नव्हतं, लॅटिनशी ओळख नव्हती. पहिल्याच दिवशी चार पानं हातात पडली, शेजारच्या बाई गायला लागल्या, आणि त्या गातायत ते कागदावर नेमकं कुठे आहे हेच मला सापडेना. तालमीनंतर घरी येऊन मी रडले होते.

त्या वेळी कोणी मराठीत दोन गोष्टी नीट सांगितल्या असत्या तर माझे निदान सहा महिने वाचले असते. आता ओळखीपाळखीचे लोक विचारतात, की पालेस्त्रीना, मोंतेवेर्दी या रचनाकारांची नावं ऐकलीत, पण शिरायचं कुठून? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यातला काळ साधारण १५०१ ते १६१० असा धरा. १५०१ मध्ये व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुचीने अनेक आवाजांच्या गाण्यांचं पहिलं पुस्तक छपाईचे सुटे खिळे जुळवून छापलं, आणि १६१० मध्ये मोंतेवेर्दीचं 'व्हेस्पर्स', म्हणजे चर्चच्या सायंप्रार्थनेचं संगीत, छापून आलं. तोवर संगीताची भाषाच बदलायला लागली होती.

जवळ काय हवं

- मोबाइल किंवा लॅपटॉप, आणि साधे का होईना, वायरचे हेडफोन. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागे पडतो, सोबत गाताना त्याचा त्रास होतो.
- फुकट स्वरलिपी: 'कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी' आणि 'आयएमएसएलपी' या दोन साइट. दुसरीचं दुसरं नाव 'पेत्रुची म्युझिक लायब्ररी', याच पेत्रुचीवरून.
- 'म्यूझस्कोर' हे फुकट सॉफ्टवेअर. यात चारातला एकच आवाज वाजवता येतो, बाकीचे बंद करता येतात.
- ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की एक पक्का सूर देणारा काटा, ४४० हर्ट्झचा.
- कागदावर काढलेली प्रिंट आणि पेन्सिल. स्क्रीनवर खुणा करून भागत नाही, हे अनुभवाने सांगते.
- गाण्याच्या शब्दांचा शब्दशः अर्थ, एका वेगळ्या वहीत.

१. दोनच गाणी घ्या

'शंभर उत्तम रेनेसाँस रचना' अशी प्लेलिस्ट लावू नका. सगळं एकसारखं, धुपासारखं मऊ ऐकू येईल आणि आठवड्यात कंटाळाल. तीन महिने दोनच गाणी धरा: एक देवाचं, एक प्रेमाचं.

देवाचं गाणं पालेस्त्रीनाचं 'सीकुत चेर्वुस'. जोव्हान्नी पिएर्लुईजी साधारण १५२५ मध्ये रोमजवळच्या पालेस्त्रीना गावात जन्मला, गावाचंच नाव त्याला चिकटलं, आणि २ फेब्रुवारी १५९४ रोजी तो रोममध्ये गेला. हे चार आवाजांचं गाणं बायबलमधल्या ४२ व्या स्तोत्रावर आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, बाप्तिस्म्याच्या पाण्याशी हे शब्द जोडलेले आहेत.

प्रेमाचं गाणं जाक आर्कादेल्तचं 'इल ब्यांको ए दोल्चे चीन्यो', म्हणजे 'शुभ्र गोड हंस'. हेही चार आवाजांचं. त्याच्या माद्रिगालांच्या, म्हणजे इटालियन कवितेवर रचलेल्या अनेक आवाजांच्या गाण्यांच्या, पहिल्या पुस्तकाची आज हाती असलेली सर्वांत जुनी आवृत्ती व्हेनिसची, १५३९ ची. ते पुस्तक पुढे शंभरहून अधिक वर्षं पुन्हा पुन्हा छापलं जात होतं. आर्कादेल्त मुळात इटलीचा नव्हता, उत्तरेकडच्या फ्लेमिश-फ्रेंच मुलखातला होता. जोस्कां, व्हिलार्ट, चिप्रियानो दे रोरे हेही तिकडलेच. त्यामुळे 'इटालियन संगीत' म्हणताना नावं अशी परकी दिसली तर गोंधळू नका. इटलीतल्या दरबारांनी आणि चर्चनी या लोकांना बोलावून पदरी ठेवलं होतं.

२. सुरांच्या आधी शब्द

वहीत डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे मराठी अर्थ लिहा. हरणाचं गाणं एका वाक्याचं आहे: हरीण जसं पाण्याच्या झऱ्यांसाठी आसुसतं, तसा माझा जीव तुझ्यासाठी आसुसतो, देवा. बस, एवढंच. आपल्याकडे चातक, तिकडे हरीण.

हंसाच्या गाण्यात प्रेमी म्हणतो: शुभ्र गोड हंस गात गात मरतो, आणि मी रडत रडत आयुष्याच्या शेवटाशी येतो. पण नशीब बघा कसं वेगळं, तो मरतो दुःखात आणि मी मरतो सुखात. मरताना जर दुसरं दुःख नसेल, तर दिवसाला हजार मरणं मला चालतील.

इथे नवख्याची हमखास फसगत होते. मला वाटलं हे शोकगीत आहे, आणि मी तोंड पाडून गायले. त्या काळच्या इटालियन प्रेमकवितेत 'मरणं' म्हणजे प्रणयाचा परमोच्च क्षण. शेवटी हजार मरणांची हौस का, हे तेव्हाच कळतं. ज्यांनी लावणी ऐकली आहे त्यांना दुहेरी अर्थाचं शब्दलाघव काही नवं नाही. फक्त ते इथे आहे, हे कोणीतरी सांगावं लागतं. शेवटच्या ओळीला एकामागून एक आवाज 'दी मिल्ले मोर्त' म्हणत येतात आणि पुन्हा पुन्हा येत राहतात, जणू हजार मरणं मोजतायत.

आणखी एक जागा दाखवते. चार आवाज वरून खाली असे: सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. गाण्याच्या शेवटी बेस ज्या सुरावर थांबतो तो सा धरा. आता सुरुवातीच्या 'प्यांजेंदो', म्हणजे 'रडत', या शब्दाकडे कान द्या. तिथे स्वरमेळात अचानक कोमल निषाद येतो. तोवर सगळं उजेडात चाललेलं असतं, आणि त्या एका शब्दावर सावली पडते. पुढच्या साठ वर्षांत माद्रिगालकारांनी शब्द रंगवण्याच्या ज्या शेकडो युक्त्या काढल्या, त्यांची गोडी मला या एका निषादाने लावली.

३. उच्चार: इथे मराठी माणूस पुढे असतो

चर्चमधलं लॅटिन इटलीत इटालियन वळणाने म्हणतात. 'च' आणि 'क' चा नियम एकदा पाठ करा: सी (c) अक्षरापुढे e किंवा i आला तर 'च', नाहीतर 'क'. म्हणून 'सीकुत' मध्ये क आणि 'चेर्वुस' मध्ये च. जी आणि एन एकत्र आले की 'न्य': 'आन्युस', 'चीन्यो'. एच मुका.

इंग्रजी शाळेत शिकलेले आपण नकळत 'सीकूट' म्हणतो. ही सवय मोडा. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, ट-ड नाहीत. 'ग्रात्सिआ' मधला त्स म्हणजे 'चमचा' मधला च, आणि 'चेर्वुस' मधला च म्हणजे 'चेहरा' मधला. 'पता' आणि 'पत्ता' यांत जो फरक आपण सहज करतो, तोच इटालियन द्वित्ताला लागतो. आमच्या कॉयरमधल्या इंग्रजी भाषकांना यासाठी महिनोन्महिने घाम गाळावा लागला. मला एका तालमीत जमलं, आणि तिथे पहिल्यांदा वाटलं की आपण इथे टिकू.

४. आपला आवाज कोणता, ते मोजून सांगा

कॉयरमध्ये पहिला प्रश्न येतो, 'तुझा आवाज कोणता?' मी म्हटलं, 'माझी पट्टी काळी पाच.' कोणाला काही कळलं नाही. तिथे पट्टी नाही विचारत, आरामात लागणारा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर विचारतात. घरी पेटीवर बसून काढा. काळी पाचला सा असेल, तर तुमचा मंद्र पंचम म्हणजे त्यांचा 'फा' आणि तार गंधार म्हणजे त्यांचा 'रे'. हा पल्ला सरळ आल्टोचा. शास्त्रीय किंवा भजनी वळणाने गाणाऱ्या आपल्या बायका बहुतेक आल्टोत बसतात. 'बाई म्हणजे सोप्रानो' असं धरून वरच्या ओळीत उभ्या राहू नका, घसा बसेल.

सापळा: एकाच गाण्याच्या फुकट आवृत्त्या वेगवेगळ्या पट्टीत मिळतात, कारण त्या काळी सुराची उंची आजच्यासारखी ठरलेली नव्हती आणि संपादक आपल्या कॉयरच्या सोयीने गाणं वर-खाली करतात. मी पंधरा दिवस एका आवृत्तीवर तयारी केली आणि तालमीला गेले तर सगळे दीड सूर खाली. डाउनलोड करायच्या आधी पहिल्या पानावरचे सूर कॉयरच्या प्रतीशी ताडून बघा. आणि सुराच्या डोक्यावर छोट्या अक्षरात तीव्र-कोमलाची खूण दिसली, तर ती मूळ छापील नाही, संपादकाची सूचना आहे. त्या काळी गायक ते सवयीने करत. कॉयर कोणती खूण मानतो ते विचारून पेन्सिलने लिहून ठेवा.

५. एकच आवाज धरून ऐका

हे सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून इथे घाई करू नका.

आपल्या मैफलीत गायक एक असतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. आपला कान त्या एकाला शोधतो. इथे असा कोणी मुख्य नाही. वरचा आवाज म्हणजे चाल आणि खालचे म्हणजे साथ, असं समजून ऐकलंत तर पाऊण गाणं निसटेल.

'सीकुत चेर्वुस' ची सुरुवात घ्या. पहिल्यांदा टेनर एकटा येतो. मग तेच शब्द, तेच वळण घेऊन आल्टो. मग सोप्रानो. शेवटी बेस. नंतरचा येतो तेव्हा आधीचा थांबत नाही, पुढे निघून गेलेला असतो. दिंडीत एका टाळकऱ्याने उचललेली ओळ मागच्या रांगेपर्यंत पोचावी, आणि तोवर पुढचा पुढच्या ओळीवर गेलेला असावा, तसं काहीसं.

पहिला आठवडा फक्त टेनर ऐका. स्वरलिपीवर बोट ठेवून. दुसरा आठवडा आल्टो, मग सोप्रानो, मग बेस. पाचव्या आठवड्यात बोट काढा आणि चारही एकदम ऐका. माझ्या बाबतीत त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी घासताना अचानक बेसचं येणं ऐकू आलं, न शोधता. हात तसेच पाण्याखाली राहिले.

त्या काळचे गायक तरी काय करत? चारही आवाज आजच्यासारखे एकाखाली एक जुळवून त्यांच्यापुढे नसत. बहुतेक वेळा प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःच्या आवाजाची छोटी पोथी. बाकीच्यांचं काय चाललंय ते कानानेच समजून घ्यायचं.

६. सम शोधू नका

आपण ठेक्यावर वाढलेले. हात आपोआप मांडीवर पडतो आणि कान समेची वाट पाहतो. इथे सम नाही. हाताची एक संथ वर-खाली चाल असते, तिला 'ताक्तुस' म्हणतात, ती फक्त सगळ्यांना एकत्र ठेवते. आजच्या छापील प्रतीत ज्या उभ्या रेघा दिसतात त्या मूळ पोथ्यांत नव्हत्या. रेघेनंतरच्या पहिल्या सुरावर जोर दिलात की गाणं कवायतीसारखं वाजतं. जोर शब्द ठरवतो: 'देसीदेरात' मधला 'सी' जिथे येईल तिथे वजन, मग ते रेघेच्या कुठल्याही बाजूला असो. प्रत्येक आवाजाचं वजन वेगळ्या क्षणी पडतं, आणि त्यातूनच ती लाट उठते.

७. तानपुरा बंद, पण गंधार विसरू नका

मी तालमीसाठी तानपुऱ्याचं ॲप लावायची. चूक. या गाण्यात पायाचा सूर दर दोन-तीन शब्दांनी सरकतो. तानपुरा एका जागी खिळवून ठेवतो आणि तुम्ही दुसऱ्यांशी जुळायचे राहता. आल्टोचा जो सूर एका क्षणी पंचम असतो तोच पुढच्या क्षणी गंधार होतो, आणि त्याची जागा केसभर हलवावी लागते. मींड, मुरकी, सुराला खालून घसटत जाणं हेही बाजूला ठेवा. सूर सरळ लावायचा.

पण तानपुऱ्याने जो कान दिला तो इथे सोन्यासारखा उपयोगी पडतो. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार आठवा. गाण्याच्या शेवटच्या मुक्कामावर ज्याच्याकडे गंधार असतो त्याने तोच लावायचा असतो. आजच्या पेटीचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा आहे (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). पेटीवर बसून पाठ केलेला गंधार तिथे खुपतो. स्वयंभू गंधार लागला की दगडी भिंतीतून एक पाचवा आवाज आल्यासारखं वाटतं.

रागांशी तुलना बेतानेच करा. त्यांच्या मोडांपैकी, म्हणजे आपल्या थाटांसारख्या स्वरचौकटींपैकी, डोरियन काफी थाटासारखा, फ्रिजियन भैरवीसारखा, मिक्सोलिडियन खमाजासारखा, हे सुरांच्या यादीपुरतं खरं. वादी-संवादी, पकड, रागाची वेळ हे तिथे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

८. देवाचं आणि प्रेमाचं शेजारी ठेवून ऐका

आपली जुनी गाण्यांची पुस्तकं काढा. पदाच्या डोक्यावर 'चाल:' असं लिहून एखाद्या माहितीच्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. फ्लॉरेन्सकडच्या भक्तिगीतांच्या, म्हणजे 'लाउदा' च्या, पुस्तकांतही अगदी तेच असतं: 'कांतासी कोमे', अमुक गाण्यासारखं गावं. आणि ते अमुक गाणं बहुधा बाजारातलं, प्रेमाचं. भजनी मंडळ सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतं तेव्हा कोणी नाक मुरडतं, कोणी डोलतं. तिथेही दोन्ही होते.

मोठ्या रचनाकारांनीही हेच केलं. पालेस्त्रीनाने 'व्हेस्तीव्हा ई कोल्ली' हा वसंताचा, प्रेमाचा माद्रिगाल रचला आणि पुढे त्याच स्वरसामग्रीतून एक अख्खी मास, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेचं संगीत, उभी केली. दोन्ही लागोपाठ ऐका, सुरुवात लगेच ओळखू येते. जोस्कांने फेर्राराच्या ड्यूक एर्कोलेसाठी केलेल्या मासमध्ये 'हेर्कुलेस दुक्स फेर्रारिए' या त्याच्या लॅटिन नावातले ए, उ, आ, इ हे उच्चारच सूर झाले: रे उत रे उत रे फा मी रे (उत म्हणजे आजचा 'डो'). देवाच्या प्रार्थनेत टेनर जवळजवळ पूर्ण वेळ ड्यूकचं नाव गात असतो.

१५८४ मध्ये पालेस्त्रीनाने पोपला अर्पण केलेल्या पुस्तकात लिहिलं, की पूर्वी प्रेमाच्या कवितांना चाली लावल्या याची आपल्याला लाज वाटते. आणि त्या पुस्तकातली २९ गाणी कशावर? बायबलमधल्या 'गीतरत्ना' वर, जिथे प्रियकर-प्रेयसी एकमेकांच्या देहाचं वर्णन करतात. त्याची लाज मी खोटी मानत नाही. पण दोन दालनांमधलं दार त्यालाही बंद करता आलं नाही, हे गाणी ऐकून कळतं.

९. पुढे काय, आणि कशाला भुलू नये

तीन महिन्यांनंतर या क्रमाने जा. पालेस्त्रीनाची 'मिस्सा पापे मार्चेल्ली', सहा आवाजांची, १५६७ मध्ये छापलेली. ज्या पोपच्या नावाने आहे तो मार्चेल्लो दुसरा १५५५ मध्ये जेमतेम तीन आठवडे गादीवर होता. 'या मासने चर्चसंगीत बंदीतून वाचवलं' ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती दंतकथा आहे. मात्र ग्लोरिया आणि क्रेदो या मासच्या भागांमध्ये शब्द किती स्वच्छ ऐकू येतात ते पाहा, कारण शब्द कळले पाहिजेत हा आग्रह त्या काळी खराच होता.

मग लूका मारेन्त्सिओचं 'सोलो ए पेन्सोसो', १५९९ चं. कवी पेत्रार्काचा एकाकी माणूस ओसाड माळावर चालतो आहे, आणि सोप्रानो अर्ध्या-अर्ध्या सुराने एकेक पायरी चढत सप्तकाच्याही वर जातो, मग उतरू लागतो. बाकीचे खाली आपल्या वाटेने भटकतात. मग माद्दालेना काझुलाना: १५६८ मध्ये स्वतःच्या नावाने माद्रिगालांचं पुस्तक छापणारी पहिली स्त्री. तिच्या अर्पणपत्रिकेत पुरुषांच्या गैरसमजावर, की बुद्धीचं देणं फक्त आपल्याकडे आहे, थेट बोट ठेवलं आहे. शेवटी मोंतेवेर्दीचं १६०५ चं पाचवं पुस्तक. त्यातल्या 'क्रूदा आमारील्ली' मधल्या बोचऱ्या सुरांवर आर्तूझी या पंडिताने पुस्तक छापून येण्याआधीच, १६०० मध्ये, टीकेची झोड उठवली होती. जेझुआल्दो या रचनाकाराला एवढ्यात हात लावू नका. त्याने केलेल्या खुनाची कथा आधी कानावर येते आणि मग सूर नीट ऐकले जात नाहीत.

प्लेलिस्टमध्ये अल्लेग्रीचं 'मिझेरेरे' हमखास येईल. सुंदर आहे, पण ते १६३० च्या दशकातलं, आणि त्यातला प्रसिद्ध उंच सूर मूळ रचनेत नाही, नंतरच्या गोंधळातून आलेला. ध्वनिमुद्रणं निवडताना एकाच देशाच्या कॉयरवर थांबू नका. इंग्लंडचे 'टॅलिस स्कॉलर्स' ऐका, आणि त्याच्या शेजारी इटलीचे 'ओदेकातोन' किंवा 'कोंचेर्तो इतालियानो'. इटालियन तोंडात शब्दांना चव वेगळी येते.

१०. भिंतींमध्ये जाऊन ऐका

इटलीत गेलात तर तिकिटाच्या कार्यक्रमाऐवजी रविवारची गायली जाणारी मास गाठा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मध्येच उठून फोटो काढायचे नाहीत, आणि टाळ्या नाहीत. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये ऑर्गनचे आमनेसामने सज्जे दिसतात. व्हिलार्ट इथे १५२७ पासून प्रमुख होता, पुढे गाब्रिएली काका-पुतणे आले, आणि गायक-वादकांचे वेगवेगळे जथे एकमेकांना उत्तर देत. पोपच्या चॅपलमध्ये वाद्यं नव्हती, इथे भरपूर होती. त्यामुळे 'रेनेसाँस म्हणजे नुसता कंठ' हेही डोक्यातून काढा.

भारतात जवळची जागा गोवा. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून पिढ्यान्पिढ्या स्वरलिपी आणि समूहगायन शिकवलं गेलं, म्हणून आजही गावोगावी चार आवाजांत गाणारी माणसं भेटतात. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या 'कापेला दो मोंते' मध्ये संगीत महोत्सव होतो. मागच्या खेपेला गेले तेव्हा संध्याकाळी चॅपल रिकामं होतं. मी दाराशी उभी राहून हरणाच्या गाण्याची फक्त आल्टोची ओळ हळू म्हटली. बाकीचे तीन आवाज तिथे नव्हते, पण ते कुठे येतात हे मला माहीत होतं, म्हणून तेवढ्या जागा मी मोकळ्या सोडत गेले.